दोन कुत्री, चार माणसे आणि सव्वीस फुटांची गाडी

आमच्या सहलीचा पहिला आराखडा निघण्याच्या सहा आठवडे आधीच रद्द झाला आणि त्याला कारण ठरली ढब्बू आणि सुपारी ही आमची दोन कुत्री. अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगरांत आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन नऊ दिवस फिरायचे एवढे पक्के होते. रॉकी माउंटन नॅशनल पार्क हे त्यातले मुख्य ठिकाण असणार, हे आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझा नवरा आणि आमच्या कॉलेजपासूनच्या मित्र-मैत्रिणीच्या जोडप्याने, गृहीतच धरले होते. तेथील नियम वाचायला बसल्यावर मात्र ध्यानात आले की, त्या पार्कमधील एकाही पायवाटेवर कुत्र्याला नेता येत नाही. कुरणांत नाही आणि उंचावरच्या टुंड्रावरही नाही. रस्त्याच्या कडेने, वाहनतळावर, कॅम्पग्राउंडमध्ये आणि वनभोजनाच्या जागी, तेही सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधून, एवढीच त्याला मुभा असते. १२,१८३ फुटांपर्यंत चढणारा ट्रेल रिज रोड आम्हाला गाडीतून पाहता आला असता, पण प्रत्येक थांब्यावर दोघांनी उतरायचे आणि दोघांनी आत कुत्र्यांना धरून बसायचे, असा तो प्रवास झाला असता. नियमाविषयी माझी तक्रार नाही. कुत्र्याचा वास हा रानातल्या प्राण्यांच्या दृष्टीने शिकाऱ्याचा वास असतो आणि ते घर त्यांचे आहे. आम्हालाच वाट बदलणे भाग होते.

शोध घेताना लक्षात आले की, नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांचा कारभारही वेगवेगळ्या खात्यांकडे असतो. नॅशनल फॉरेस्टच्या बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना परवानगी असते. पार्कांपैकीही ग्रेट सँड ड्यून्स हे एक ठिकाण असे निघाले की, जेथे वाळूच्या टेकड्यांवर, पहिल्या उंच रांगेपर्यंत, कुत्र्यांना घेऊन चढता येते. मग नकाशा पुन्हा पसरला आणि डेन्व्हर, ब्यूना व्हिस्टा, वाळूचे डोंगर, मोनार्क खिंड ओलांडून गनिसन आणि शेवटी लेडव्हिल असा फेरा आखला. दिवस सप्टेंबरच्या उत्तरार्धातले निवडले, कारण तेव्हा ॲस्पेन नावाच्या झाडांची पाने पिवळी होतात आणि उन्हाळ्यातली दुपारची वादळेही बरीच ओसरलेली असतात.

भाड्याने घेतलेली गाडी सव्वीस फुटांची होती. चालकाच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक पलंग, मध्ये जेवणाचे टेबल, गॅसची शेगडी, फ्रिज आणि कपाटाएवढे न्हाणीघर. ताबा देताना तेथील माणसाने तासभर सगळे फिरून दाखवले आणि त्यातले निम्मे आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत विसरलो. मैत्रिणीने सगळ्याचे फोनवर चित्रीकरण केले होते, ही तिची दूरदृष्टी पुढे रोज उपयोगी पडली. मी माझ्याकडून एकच शहाणपणा केला: गाडीची उंची, साडेअकरा फूट, चिकटपट्टीवर लिहून ती स्टिअरिंगसमोर लावली. मोटार चालवणाऱ्या माणसाला आपल्या डोक्यावर काय आहे याचा विचार करण्याची सवयच नसते आणि पेट्रोल पंपाचे छप्पर किंवा झाडाची आडवी फांदी ही सवय फार महागात शिकवते.

पहिली अडचण मात्र गाडी सुरू होण्याआधीच उभी राहिली. आरव्हीच्या दाराखाली उघडझाप होणाऱ्या ज्या पायऱ्या असतात त्या जाळीच्या होत्या आणि त्यांतून खालची जमीन दिसत होती. आमचा ढब्बू अकरा वर्षांचा, चौतीस किलोंचा लॅब्रॅडॉर आहे. त्याने पहिल्या पायरीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तो खाली बसला. खाऊ दाखवून झाला, ढकलून झाले. शेवटी नवऱ्याने पुढचे पाय आणि मित्राने मागचे पाय धरून त्याला लग्नातल्या रुखवताच्या ताटासारखे आत नेले. सुपारी तीन वर्षांची आणि जेमतेम नऊ किलोंची, संकरित जातीची. ती एका उडीत आत गेली आणि तिने चालकाची खुर्ची बळकावली. चालत्या गाडीत कुत्री मोकळी ठेवायची नाहीत हे आमचे आधीच ठरले होते. दोघांच्या अंगावर हार्नेस चढवून तो सीटबेल्टला अडकवला, कारण जोरात ब्रेक लागला तर मोकळे कुत्रे स्वतःसाठी आणि माणसांसाठीही तितकेच धोक्याचे ठरते.

डेन्व्हरहून २८५ क्रमांकाच्या महामार्गाने चढायला लागल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. आपण घर घेऊन चाललो आहोत म्हणजे घरातला प्रत्येक चमचा बरोबर चालला आहे, हे प्रत्येक वळणावर ऐकू येत होते. दुसरी गोष्ट होती इंजिनाचे दमणे. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी कमी होते, म्हणजे अकरा हजार फुटांवर समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांश. सुमारे दहा हजार फुटांवरच्या केनोशा खिंडीकडे जाताना आमची गाडी ताशी चाळीस मैलांवर आली आणि मागे मोटारींची रांग लागली. मित्राने पहिल्या रुंद जागी बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिले. ही सभ्यता आम्ही नऊही दिवस पाळली. खिंडीच्या दोन्ही अंगांचे ॲस्पेन ऐन रंगात होते. ते आम्ही नीट पाहणार, एवढ्यात सुपारीला ओकारी झाली. निघण्यापूर्वी तिला पोटभर खायला घातले होते ही चूक माझीच. त्यानंतर प्रवासाच्या दिवशी कुत्र्यांचे जेवण मुक्कामाला पोहोचल्यावरच, असा नियम झाला आणि पशुवैद्यांनी दिलेली गोळी निघण्याच्या तासभर आधी.

ब्यूना व्हिस्टाला पहिल्या दोन रात्री वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागेवर राहिलो आणि नवख्यांनी तसेच करावे असे मी आग्रहाने सांगेन. गाडी उभी केली की आधी ती समतल करायची असते. चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे रचून पुढे-मागे करत राहायचे. हे केवळ झोपताना घरंगळू नये म्हणून नव्हे. गॅसवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजमधले द्रव गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर फिरत असते, गाडी फार कलंडलेली राहिली तर फ्रिज थंड होत नाही आणि कालांतराने बिघडतोही. मित्र इंजिनिअर असल्यामुळे त्याने पहिल्या दिवशी या कामाला पन्नास मिनिटे घेतली. तोवर आम्ही कुत्र्यांना घेऊन आर्कान्सा नदीच्या काठी जाऊन आलो.

त्याच दुपारी एक अशी गोष्ट घडली की, तिने पुढच्या सगळ्या दिवसांची घडी ठरवली. ऊन कडक होते, एसी चालू होता, कुत्री आत झोपली होती आणि आम्ही बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. मैत्रिणीने आत जाऊन मायक्रोवेव्ह लावला आणि सगळे एकदम बंद पडले. आमची जोडणी तीस अँपिअरची होती. एसी, मायक्रोवेव्ह आणि विजेवर ठेवलेला पाण्याचा हीटर ही तिन्ही उपकरणे एकाच वेळी चालवली की ब्रेकर पडणारच. आम्ही दारातच होतो म्हणून अर्ध्या मिनिटात तो वर केला. पण संध्याकाळी आम्हा चौघांचा कुत्र्यांना एसीत ठेवून गावात जेवायला जाण्याचा बेत होता आणि तो ब्रेकर त्या वेळी दुसऱ्या कोणत्याही कारणाने पडला असता तर बंद गाडी उन्हात तापायला फार वेळ लागला नसता. गाडीतले तापमान फोनवर कळवणारी यंत्रे मिळतात, हे खरे. पण डोंगरात फोनला सिग्नलच नसेल तर ते यंत्र कोणाला कळवणार? त्या संध्याकाळपासून कुत्री गाडीत असतील तर एक माणूसही गाडीपाशी असेल, असे ठरले आणि पाळीचा तक्ता फ्रिजवर चिकटवला. सुरुवातीला पाळी ही शिक्षा वाटली. तिसऱ्या दिवसापासून मी ती मागून घेऊ लागले, कारण चौघांच्या अखंड सहवासात दोन तास एकटे बसून चहा पिणे ही चैन फक्त पाळीवाल्यालाच मिळत होती.

पायऱ्यांचा प्रश्नही ब्यूना व्हिस्टालाच सुटला. नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून खरखरीत गालिच्याचा तुकडा आणला, तो पायऱ्यांच्या मापाने कापला आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जाळीला आवळून टाकला. खालची जमीन दिसेनाशी होताच ढब्बू, जणू काही झालेच नव्हते अशा थाटात, चढला आणि उतरला. दोन दिवस त्याला उचलून दोघांच्याही कमरा धरल्या होत्या.

तिथून दक्षिणेकडे पोंचा खिंड उतरून सॅन लुइस खोऱ्यात आलो. ग्रेट सँड ड्यून्स दुरून पाहताना फसगत होते. सांग्रे दे क्रिस्टो पर्वताच्या पायथ्याशी कोणी तरी गव्हाचे पीठ सांडले असावे इतपतच ते दिसतात. जवळ गेल्यावर कळते की त्यातली सर्वांत उंच टेकडी ७४० फुटांच्या आसपास आहे आणि उत्तर अमेरिकेत तिच्याहून उंच वाळूची टेकडी नाही. पायथ्याचा मेदानो नाला वसंतात खळाळता असतो, सप्टेंबरात त्याची ओलसर खूणच उरलेली होती. उन्हाळ्याच्या भर दुपारी ही वाळू पासष्ट अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि कुत्र्यांच्या पंजांना भाजते, म्हणून आम्ही सकाळी सातलाच निघालो आणि दर काही मिनिटांनी हाताची मागची बाजू वाळूवर टेकवून पाहत राहिलो. चढणे म्हणजे दोन पावले वर आणि एक पाऊल खाली असा हिशेब होता. ढब्बूने अर्ध्या वाटेत वयाचा मान राखून बसकण मारली. सुपारी मात्र कड्यावरून खाली आणि पुन्हा वर, दोरी धरणाऱ्याला फरफटत, अशी काही धावली की तिच्या पाळीला कोणी उभे राहीना. पहिल्या रांगेच्या पलीकडे आम्ही गेलो नाही, कारण कुत्र्यांची हद्द तेथे संपत होती. रात्री मात्र तारे पाहायला कोणतीही हद्द नव्हती. हे पार्क २०१९ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून ओळखले जाते. आकाशगंगा इतकी स्पष्ट मी लहानपणी गावच्या गच्चीवर भारनियमनाच्या रात्रीच पाहिली होती.

इथल्या कॅम्पग्राउंडला वीज-पाण्याची जोडणी नव्हती, त्यामुळे टाकीतल्या पाण्यावर दोन दिवस काढायचे होते. चाळीस गॅलन ऐकायला पुष्कळ वाटते. चार माणसांनी एकेकदा नीट आंघोळ केली की ते संपते. भांडी आधी कागदाने पुसून मग ओंजळभर पाण्यात धुवायची, दात घासताना नळ बंद, हे आपल्याकडे ज्यांनी पाणीटंचाई काढली आहे त्यांना शिकवावे लागत नाही.

गनिसनला पोहोचल्यावर मात्र जे टाळत होतो ते करणे आले. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: न्हाणी आणि मोरीचे पाणी ज्यात जाते ती ग्रे टँक आणि संडासाची ब्लॅक टँक. त्या ठरवून दिलेल्या जागीच, जाड नळी जोडून, रिकाम्या करायच्या असतात. क्रम महत्त्वाचा असतो. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाचे पाणी नळी धुऊन काढते. आमच्या मागे तीन गाड्या रांगेत होत्या आणि मैत्रीण फोनवरचे चित्रीकरण पोथीच्या पारायणासारखे मोठ्याने ऐकवत होती. मित्राने हातमोजे चढवले, नळीचे टोक जमिनीतल्या तोंडात घट्ट बसवले आणि झडप ओढली. काही झाले नाही, म्हणून त्याने नळी जोडली आहे त्या ठिकाणी वाकून पाहिले आणि नेमक्या त्याच क्षणी ते सुरू झाले. नळीने दगा दिला नाही, एवढेच येथे सांगून ठेवते. त्यानंतर त्याने दोनदा आंघोळ केली आणि त्या दिवशीच्या पाण्याच्या हिशेबावर कोणी बोलले नाही. कुत्र्यांची घाण टाकीत टाकायची नसते. ती पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकायची, हे आम्हाला शेजारच्या गाडीतल्या आजीबाईंनी न विचारता सांगितले.

मोनार्क खिंड ११,३१२ फुटांवर आहे आणि खंडाचा जलविभाजक तिच्या माथ्यावरून जातो. पूर्व उतारावरचे पाणी आर्कान्सा नदीतून मिसिसिपीला मिळते, पश्चिमेचे गनिसन नदीतून कोलोराडो नदीला. ढब्बूने पाटीच्या खांबाला दोन्ही बाजूंनी भेट देऊन अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन्ही महासागरांना समान न्याय दिला. गनिसनहून परतताना माथ्यावरून पूर्वेकडे उतरण्याची पाळी माझी होती आणि येथे मी या सहलीतली सर्वांत मोठी चूक केली. माझ्या वडिलांनी मला खंबाटकीच्या घाटात गाडी शिकवली होती. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे त्यांचे वाक्य मला तोंडपाठ होते. पण स्वयंचलित गिअरच्या गाडीने पंधरा वर्षांत ते पुसून टाकले होते. पाच-सहा टक्क्यांच्या उतारावर पाच-सहा टनांची गाडी मी दोन मैल पायाखालच्या ब्रेकवर धरून ठेवली. आधी करपल्यासारखा वास आला, मग ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला. रस्त्याकडेची रुंद जागा दिसताच मी गाडी त्यात घातली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तशीच बसून राहिले. मागून सुपारी विव्हळत होती. तिला वास आमच्याही आधी आला असणार.

पाऊण तास आम्ही तिथे थांबलो. ब्रेकवर पाणी ओतायचे नाही, हातब्रेक ओढायचा नाही. तापलेले ब्रेक तसेच हवेवर निवू द्यायचे. चाकांखाली ठोकळे लावून आम्ही कुत्र्यांना उतरवले. मग मित्राने मला टो-हॉल नावाचे बटण दाखवले. ते दाबले की उतारावर गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये येते आणि इंजिनच वेग रोखून धरते. ब्रेक नंतरही लागतो, पण तो सतत टेकवून ठेवायचा नसतो. वेग वाढला की ठामपणे दाबून उतरवायचा आणि सोडून द्यायचा. उरलेला उतार इंजिन ओरडत असताना मी ताशी तीस मैलांनी उतरले आणि मला तो आवाज अतिशय सुरेल वाटला. वडिलांना हा प्रसंग मी अजून सांगितलेला नाही.

शेवटचे दोन दिवस लेडव्हिलच्या परिसरात, सॅन इसाबेल नॅशनल फॉरेस्टमधल्या एका साध्या जागेवर काढले. हे गाव दहा हजार फुटांहून उंचीवर आहे आणि या उंचीवर पाणी नव्वद अंशांनाच उकळते, म्हणून आमटी शिजवायला घरून नेलेला कुकर हाच खरा आधार ठरला. रात्री तापमान शून्याखाली गेले. आरव्हीतला हीटर गॅसवर पेटतो, परंतु गरम हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो, हे आम्हाला माहीत होते. ती बॅटरी एका रात्रीत किती उतरेल, हे नव्हते. पहाटे साडेतीनला एक किंचाळी ऐकू आली. मग दर मिनिटाला तशीच एक. बॅटरी उतरल्यामुळे गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र ओरडत होते. सुपारी थरथरत न्हाणीघरात जाऊन बसली होती आणि बाहेर येईना. शेगडी पेटवून ऊब घ्यावी, असे कोणी तरी अर्धवट झोपेत सुचवले आणि बाकीच्या तिघांनी एका आवाजात नाही म्हटले. बंद जागेत शेगडीने कार्बन मोनॉक्साइड साठते आणि ते माणूस आणि कुत्रा असा भेद करत नाही. कॅम्पच्या जागेवरच्या शांततेच्या वेळा संपेपर्यंत जनरेटर लावता येत नव्हता. मग मागच्या पलंगावर चार माणसे, दोन कुत्री आणि गाडीतली सगळी पांघरुणे अशी सकाळ होईपर्यंत बसून राहिलो. ढब्बू इतका ऊबदार असतो, हे मला अकरा वर्षांत प्रथमच कळले.

त्याच सकाळी पायवाटेवर, विलोच्या झुडपांच्या दलदलीपाशी, मूस नावाच्या अजस्र हरणाची मादी पिलासह उभी दिसली. कोलोराडोत पूर्वी मूसचा कायमचा वावर नव्हता, क्वचित एखादे भटकत यायचे. १९७८ पासून ते बाहेरून आणून नॉर्थ पार्क भागात सोडण्यात आले आणि तेथून ते पसरले. कुत्रा दिसला की मूस त्याला लांडगाच समजते आणि पळत नाही, चालून येते. आणि घाबरलेले कुत्रे धावत येते ते थेट मालकाकडे, म्हणजे मूसला घेऊनच. सुपारी एकदाच भुंकली. मादीचे कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले. मैत्रिणीने सुपारीला उचलून जाकिटात घातले, मी ढब्बूची दोरी आखडली आणि आम्ही जाड खोडांच्या आडोशाने, न धावता, मागे मागे येत राहिलो. ती आमच्याकडे बघत राहिली. आम्ही गाडीत शिरून दार लावल्यावरही सुपारीची छाती मैत्रिणीच्या जाकिटात धडधडताना दिसत होती.

डेन्व्हरला परतताना आयझेनहॉवर बोगद्याच्या पुढचा लांब उतार मीच चालवला, खालच्या गिअरमध्ये. गाडी परत करण्यापूर्वी दोन तास झाडलोट केली आणि तरीही गाद्यांच्या शिवणींत ढब्बूचे केस आणि जमिनीच्या फटींत वाळू राहिलीच. टाक्या रिकाम्या, गॅस भरलेला, जनरेटरचे तास लिहून दिलेले. पायऱ्या मूळ स्थितीत हव्यात असे करारात होते, म्हणून नवऱ्याने प्लास्टिकच्या पट्ट्या कापून गालिचा काढला. ढब्बू तेव्हा आतच होता. तो दारापर्यंत आला, जाळीतून खालची जमीन पाहिली आणि बसला. नवऱ्याने पुढचे पाय धरले आणि मित्राने मागचे.